घड्याळजींचा भोंगा

वेळेवर येतो, एवढ्या एकाच गुणावर एखाद्याला जबाबदारीचं पद मिळाल्याची उदाहरणं इतिहासात फारशी सापडत नाहीत. बहुतेक पदं उशिरा येणाऱ्यांनीच भूषवलेली आहेत. आमचे घड्याळजी हा अपवाद.

वाचनालयाच्या जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल, डोळ्याला लावायचं भिंग आणि भिंतभर घड्याळं. इतर दुरुस्तीवाल्यांच्या भिंतीवर प्रत्येक घड्याळ आपल्या मताने चालतं. इथे मतभेदाला जागा नव्हती. एखादं मागे पडलंच तर घड्याळजी ते उतरवून मांडीवर घेत आणि "काय होतंय रे तुला?" असं इतक्या मायेने विचारत, की तो आवाज आपण संसारात एकदाही ऐकला नाही, असं काकू म्हणत. काकू म्हणजे त्यांची बायको. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं शिलाईचं मशीन होतं, आणि नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला शेवटचा टाका त्याच घालत.

पदाचं असं झालं. जिल्ह्याच्या आपत्ती कार्यालयातल्या एक बाई आल्या आणि वाचनालयात त्यांनी सभा घेतली : वादळात, पुरात, विजा पडताना नागरिकांनी काय करावं. चहा ठेवलेला असल्याने नागरिक बरेच होते. बाई मनापासून बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "या इमारतीच्या गच्चीवर आपण भोंगा बसवतोय. खाली दगडी तळघर आहे, ते निवाऱ्याला धरलंय. दर शनिवारी दुपारी बाराला भोंगा वाजवून बघायचा, म्हणजे ऐन वेळी बंद सापडायला नको. त्यासाठी वक्तशीर माणूस हवा. कोण आहे?"

सगळ्यांच्या माना घड्याळजींकडे वळल्या. ते बाईंच्या मनगटाकडे बघत होते.

"हे तुमचं मागे पडलंय," ते म्हणाले.

निवड झाली. त्यांना पिवळं हेल्मेट मिळालं, शिट्टी मिळाली, बॅटरी मिळाली, तळघराची किल्ली मिळाली आणि एक चमकणारं जाकीट मिळालं, ज्यात ते स्वतः आणि संकटात सापडलेला आणखी एक इसम सहज मावला असता. काकूंनी ते बाजूने आत घेऊन दिलं. "आपत्ती बारीक अंगाची असती तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून घड्याळजी बदलले. लग्नाला गेले तर नवरा-नवरीआधी बाहेर पडायचं दार बघून ठेवत. कुणाच्या घरी बसले की खिडकीपासून लांबची खुर्ची घेत, आणि यजमानाला वाईट वाटू नये म्हणून कारणही सांगत : "वारा सुटला तर काच आधी फुटते." विजा चमकताना झाडाखाली उभं राहू नये, वाहत्या पाण्यात गाडी घालू नये, घरात पाणी शिरायच्या आधी मेन स्विच बंद करावा, हे त्यांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं, की पाठ सगळ्यांना झालं, फक्त लक्षात कुणाच्या राहिलं नाही. "वाऱ्याला तळघर, पुराला माडी" हे त्यांचं घोषवाक्य होतं. न्हावी दाढी करताना ते चालीवर म्हणत असे.

घरात दाराशी त्यांची संकटाची पिशवी टांगलेली असायची. तिच्यात रेडिओ, सेल, औषधं, कागदांच्या प्रती, प्यायचं पाणी आणि डबाबंद खाणं. डब्यांची मुदत संपत आली की नवे डबे पिशवीत जात आणि जुने ताटात येत. "लोकांना वादळात खावं लागतं ते आम्ही चांगल्या हवेत खातो," काकू सांगत. "वादळ आलं तर तेवढाच बदल म्हणून मी घरी स्वयंपाक करणार आहे."

आता भोंग्याबद्दल. एखाद्या आळशी माणसाच्या हाती तो दिला असता, तर कधी पावणेबाराला वाजला असता, कधी साडेबाराला, कधी राहूनच गेला असता, आणि लोक दचकून का होईना, भोंगा वाजला की मान वर करायला शिकले असते. पण घड्याळजींचा हात दुकानातल्या बटणावर पडायचा तो भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम बाराचे टोले देऊ लागत तेव्हाच. एका वर्षात आमच्या वस्तीने स्वतःची घड्याळं बघणं सोडून दिलं. शनिवारचा भोंगा वाजला की न्हावी दुकानाचं शटर खाली ओढून जेवायला घरी जायचा. शिंपी, चांभार, बेकरीवाला त्याच्या मागोमाग. कोपऱ्यावरचा कुत्रा नेमाने रडायचा आणि नेमाने थांबायचा. संकटाची सूचना म्हणून बसवलेलं यंत्र जेवणाची घंटा होऊन बसलं. शिवाय ज्यांना भोंग्यावर आठवडाभराची वेळ लावून घेता येत होती, ते घड्याळ दुरुस्तीला कशाला टाकतील? हा दुसरा परिणाम काकूंच्या लक्षात आधी आला.

"वाजवा अजून वेळेवर," त्या म्हणत.

भोंग्याचा सर्वांत निष्ठावान श्रोता म्हणजे अक्का. ही घड्याळजींची थोरली बहीण, आणि त्यामुळे सगळ्या वस्तीचीच अक्का. आई लवकर गेली, तेव्हा घड्याळजींना तिनेच वाढवलं. त्यांची पहिली पाटी तिने धुतली, पहिली मारामारी तिने सोडवली, आणि समोरच्या मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठून तीच पूर्ण केली. ती खालच्या आळीत एकटी राहायची. खालची आळी म्हणजे उतारावरची पत्र्याची घरं. तिथल्या छपरांवर वजनाला दगड ठेवलेले, आणि दगडांवर लोकांचा विश्वास. रोज दुपारी अक्काची रक्तदाबाची गोळी असे. इतर दिवशी ती उन्हावरून अंदाजाने घ्यायची, पण शनिवारची भोंग्यावर. "शनिवारची गोळी लागू पडते," ती म्हणायची. गोळी घेतली की पत्र्याखाली पंखा लावून आडवी.

घड्याळजींना या जगात कशाची भीती वाटत असेल, तर त्या पत्र्यांची. वादळ येणार हे त्यांनी धरूनच ठेवलेलं होतं. ते येईल तेव्हा अक्का तळघरात असली पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती. बाकीच्या वस्तीला वाचवायला ते तयार होते, पण तो त्यांच्या दृष्टीने पदाचा भाग होता.

"अक्का, नुसती तालमीला तरी येऊन जा," ते विनवत. दर वर्षी एकदा निवाऱ्याची तालीम असे. तिला घड्याळजी येत, काकू येत, आणि तळघर थंड असतं म्हणून न्हावी येई.

"तुझ्या त्या बिळात मी येणार ती चौघांच्या खांद्यावर," अक्का म्हणे. "आणि तेव्हासुद्धा पायऱ्यांवरून नीट न्या म्हणावं."

"अगं, छप्पर उडालं तर?"

"उडू दे. तुझ्या भावजींनी ठोकलेलं आहे, त्यांचं कुठलं काम टिकलंय? वादळ वादळ म्हणून दर वर्षी ओरडतोस, येतं कुठे? मेलं तुझ्याच धाकाने येत नसेल."

हे अगदीच खोटं नव्हतं. दोन वेळा जिल्ह्याकडून इशारा आला होता आणि दोन्ही वेळा वादळाने ऐनवेळी दुसऱ्या गावाला पसंती दिली होती. त्याचा दोष लोकांनी घड्याळजींना दिला, जणू पाहुणे त्यांनी बोलावले होते.

मध्यंतरी त्यांनी एक प्रयोग केला. लोकांची सवय मोडावी म्हणून एका शनिवारी मन घट्ट करून त्यांनी भोंगा साडेअकराला वाजवला. त्याचे पडसाद मोठे उमटले. न्हाव्याने गिऱ्हाईक अर्ध्या मिशीवर सोडून शटर ओढलं. बेकरीवाल्याने पाव कच्चे काढले. अक्काने गोळी घेतली, झोपली, आणि उठल्यावर शेजारच्या घरातल्या रेडिओवरून तिला खरी वेळ कळली. मग खालची आळी वाचनालयापर्यंत चालून आली. पुढे अक्का, मागे अर्ध्या मिशीचं गिऱ्हाईक.

"मला मारायला निघालास?" अक्का दारातूनच कडाडली. "अर्धा तास आधी गोळी! ज्या हाताने तुला भरवलं..."

घड्याळजींनी सगळ्यांसमोर कान धरले. माफी अक्काची मागितली, पण त्याहून जास्त, वेळ चुकवल्याबद्दल भिंतीवरच्या घड्याळांची मागितली असावी. पुन्हा असं करणार नाही, म्हणाले. आणि केलं नाही. त्यानंतर भोंगा कधी एका पळानेही ढळला नाही.

तर तो शनिवार. सकाळीच जिल्ह्याच्या बाईंचा फोन आला होता की संध्याकाळी जोराचं वादळ आणि गारा संभवतात. घड्याळजी हेल्मेट घालून, हातात कर्णा घेऊन खालच्या आळीत फिरून आले. वर लख्ख ऊन. वारा इतका पडलेला की वाळत घातलेला कपडाही हलत नव्हता. लोकांनी त्यांना पाणी विचारलं, छत्री हवी का असंही विचारलं. अक्का गाद्या उन्हात घालत होती.

"गाद्या आत घे, आणि चल माझ्याबरोबर," घड्याळजी म्हणाले.

"संध्याकाळी येणार ना तुझं वादळ? मग संध्याकाळचं संध्याकाळी बघू. आत्ता माझी गोळीची वेळ होत आलीय. जा, भोंग्यापाशी जाऊन बस. उशीर करू नकोस."

ते परतले आणि दुकानात येऊन बसतात तोच पुन्हा फोन. या वेळी बाईंचा आवाज धावत होता.

"काका, संध्याकाळ नाही! ते वेगाने सरकलंय. पलीकडच्या गावात पत्रे उडालेत. तुमच्याकडे तासाच्या आत पोचेल. आत्ताच्या आत्ता भोंगा वाजवा आणि पत्र्याच्या घरातली माणसं तळघरात आणा."

घड्याळजींनी भिंतीकडे बघितलं. सगळे काटे एकमताने बाराला टेकत आलेले.

"आत्ता?" ते म्हणाले. "बाई, आत्ता तर बारा वाजतायत."

"अहो, मग वाजवा ना!" बाईंनी ओरडून सांगितलं आणि फोन ठेवला. त्यांना आणखी बरीच गावं उठवायची होती.

घड्याळजी बटणापाशी गेले आणि तिथेच थिजले. काकूंचं मशीन थांबलं.

"काय झालं?"

"वाजवला तर न्हावी शटर ओढेल," घड्याळजी हळू आवाजात म्हणाले. "ओढेल आणि घरी जाईल. सगळे घरी जातील. पत्र्याखाली. अक्का गोळी घेऊन आडवी होईल."

"खऱ्या संकटाचा सूर वेगळा असतो ना? चढता-उतरता?"

"कुणाला ठाऊक आहे तो? म्हणतील, भोंग्याला सर्दी झाली."

बाहेर उन्हाचा रंग पिवळट होऊ लागला होता. कोपऱ्यावरचा कुत्रा उठून बसला. अर्थात तो वेळ झाली म्हणूनही बसला असेल.

"मी पळत जातो, अक्काला उचलून आणतो," घड्याळजी म्हणाले.

"वन्संना? तुम्ही?" काकूंनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आत घेतलेलं जाकीट त्यांना अजूनही सैलच होत होतं. मग त्या उठल्या आणि बटणासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, वाजवू नका."

"काय?"

"वाजवूच नका. त्या दिवशी अर्धा तास चुकलात, तर खालची आळी इथे भांडायला आली होती. सगळ्यांत पुढे कोण होतं? आज वाजलाच नाही, तर किती जण येतील बघा."

"हुकूम आहे वाजवायचा!"

"वाजवा की. थोड्या वेळाने वाजवा. बारा टळू देत."

घड्याळजींच्या कपाळावर घाम आला. इतरांना ही युक्ती वाटेल. त्यांच्यासाठी हा धर्म बदलण्याचा प्रश्न होता. भिंतीवर टोले सुरू झाले. मोठं लंबकाचं घड्याळ, मग त्याची धाकटी भावंडं, सगळी एकदम, आणि प्रत्येक टोल्याला घड्याळजींची बोटं आपोआप पुढे सरकत होती. काकूंनी ती पकडून ठेवली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या दोघांनी दिवसाढवळ्या, दुकानात, एकमेकांचा हात धरला होता.

टोले संपले. वस्तीत शांतता पसरली. ती वाईट शांतता होती. इतकी वर्षं न चुकलेली गोष्ट चुकली की होते तशी.

पहिला न्हावी आला. हातात वस्तरा तसाच.

"घड्याळजी, मेलात की काय?"

"नाही."

"मग बारा का नाही वाजले?"

त्याच्यामागून शिंपी आला, बेकरीवाला आला. वाचनालयाचे ग्रंथपाल वरून जिन्यात येऊन उभे राहिले. त्यांना आवाज चालत नसे, पण आज आवाज नसल्याचीच तक्रार होती. आणि मग उतारावरून तो ओळखीचा स्वर चढत आला, आणि त्याच्यामागे बायामाणसं, लेकुरवाळ्या, आजारी सासऱ्याला आधार देत आणणारा चांभार, झाडून सगळी खालची आळी. कारण अक्का भावाशी भांडायला निघाली की ते बघायला न येता घरी राहणाऱ्याला आमच्याकडे माणूसघाणा म्हणतात.

अक्काच्या एका हातात गोळी, दुसऱ्यात पाण्याचा पेला.

"वाजव!" ती म्हणाली. "गोळी हातात घेऊन उभी आहे मी मघापासून! विरघळली ती! काय दुकान चालवतोस की काय करतोस?"

घड्याळजींनी खिशातली किल्ली काढली. त्यांनी तळघराचं दार उघडलं आणि पाठमोरे एक पायरी उतरले.

"पळतोस कुठे? माझ्याकडे बघ! लहानपणीसुद्धा असाच, चूक केली की पलंगाखाली!"

ते आणखी उतरले. अक्का मागोमाग. भांडण अर्ध्यावर सोडायची सवय तिला नव्हती, आणि तिचं एकही वाक्य हुकू नये म्हणून आळी तिच्या मागोमाग. पायऱ्यांवर अक्काने बालपण संपवलं, तळाशी पोचेपर्यंत ती मागच्या वर्षीच्या तालमीपर्यंत आली होती. वरून काकू एकेकाला आत घेत होत्या : "चला, चला, मागच्यांना ऐकू येत नाहीये, पुढे सरका."

सगळे आत गेल्यावर घड्याळजी गर्दीतून वर धावले आणि त्यांनी बटण दाबलं. चढता-उतरता सूर. आता बारा टळून गेले होते, त्यामुळे तो जेवणाचा भोंगा नव्हता, भलत्या वेळेचा भोंगा होता. वरच्या रस्त्यावरचे लोकही खिडक्यांत आले, त्यांनी काळं आभाळ पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा भोंग्याचा अर्थ लावून खिडक्या लावून आतल्या खोल्यांत गेले. कुत्रा त्याआधीच तळघरात येऊन बसला होता. घड्याळजींनी दार ओढून आतून अडसर घातला.

मग ते आलं. आधी दारावर कुणी मूठ मूठ खडी फेकल्यासारखा आवाज, मग गारांचा असा मारा की अक्कासुद्धा थांबली. वारा इमारतीला धरून हलवत होता. खालच्या आळीकडून पत्र्यांचा करकराट ऐकू आला. एक मोठा, लांबलेला, आणि नंतर काही नाही. दिवे गेले. घड्याळजींची बॅटरी लागली. त्या उजेडात अक्का आपल्या पेल्याकडे बघत उभी होती.

"माझं होतं का रे ते?" तिने विचारलं.

"असेल," घड्याळजी म्हणाले.

तिने पेल्यावर तळहात झाकला. मग म्हणाली, "गाद्या बाहेरच राहिल्या."

सकाळच्या फोननंतर घरून आणून ठेवलेल्या संकटाच्या पिशवीतले डबे काकूंनी उघडले. वस्तीने पहिल्यांदाच ते खाणं त्याच्या योग्य हवामानात खाल्लं आणि ते चांगलं असल्याचं ठरलं. काकूंना हा निर्णय मान्य नव्हता. वाचनालयाने तळघरात टाकलेल्या जुन्या कवितासंग्रहांच्या गठ्ठ्यांवर म्हातारी माणसं बसली. त्या पुस्तकांचा इतक्या लोकांना एकाच वेळी आधार मिळाल्याचं आपण प्रथमच पाहिलं, असं ग्रंथपाल म्हणाले. न्हाव्याने अंधारात चालीवर "वाऱ्याला तळघर" सुरू केलं आणि पोरांनी उचलून धरलं.

अक्काची गोळी अजून हातातच होती.

"घे ना ती," घड्याळजी म्हणाले.

"भोंगा कुठे वाजलाय?"

"वाजला की मघाशी!"

"तो बाराचा नव्हता. मी काय बहिरी आहे?"

घड्याळजींनी गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली आणि दम संपेपर्यंत वाजवली. अक्काने गोळी टाकली, वर पाणी प्यायली आणि पेला काकूंकडे दिला. "उशिरा का होईना," ती म्हणाली. मग पदराने भावाच्या कपाळावरचा घाम पुसला. अंधार होता, पण बॅटरी न्हाव्याच्या हातात होती आणि त्याने नेमकी तिकडे धरली, म्हणून सगळ्यांना दिसलं.

वादळ ओसरल्यावर वर आलो. खालच्या आळीत निम्मी छपरं नव्हती. अक्काचं छप्पर शाळेच्या मैदानात सापडलं, दगडांसकट नाही. दगड तिच्या पलंगावर पडलेले होते, नेमके जिथे ती दुपारची आडवी होते तिथे. अक्काने ते दगड बराच वेळ बघितले. वस्तीत एक-दोघांना खोक पडली, एकाचा हात मुरगळला. आणखी काही झालं नाही.

जिल्ह्याच्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या. भोंगा मुद्दाम उशिरा वाजवल्याचं घड्याळजींनी आपण होऊन सांगितलं आणि हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. बाई आधी रागावल्या, मग त्यांनी सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं, मग त्या इतक्या हसल्या की काकूंना त्यांना पाणी द्यावं लागलं. "हे दुसरीकडे कुठे सांगू नका," त्या म्हणाल्या. "आणि यापुढे शनिवारचे बारा बंद. चाचणी कुठल्याही वारी, कुठल्याही वेळी. सूर कुठला आणि कशाचा, ते मी स्वतः घरोघरी फिरून सांगते."

कुठल्याही वेळी! घड्याळजींचा चेहरा बघवत नव्हता. पण त्यांनी हेल्मेट परत डोक्यावर ठेवलं.

वस्तीला आता वेळ कळेना. पहिल्याच आठवड्यात न्हावी आपल्या आजोबांचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आला, पाठोपाठ बेकरीवाला, आणि महिन्याभरात घड्याळजींच्या भिंतीवर जागा उरली नाही. घड्याळजींच्या अंगाला ते मानवलं, आणि काकूंनी जाकीट पुन्हा थोडं सैल करून दिलं.

अक्का छप्पर होईपर्यंत भावाकडे राहिली आणि नवे पत्रे बोल्टने आवळून झाल्यावर आपल्या घरी गेली. घड्याळजींनी तिला गजराचं एक घड्याळ दिलं. गोळीच्या वेळी ते वाजतं. ती त्याला "उद्धट आहे" म्हणते.

परवा मंगळवारी, भर सकाळी, चाचणीचा भोंगा झाला. सलग सूर, म्हणजे नुसती चाचणी; जागचं कुणी हलायची गरज नाही, हे बाईंनी घरोघरी सांगितलेलं. घड्याळजी बटणावरून हात काढतात न काढतात तोच तळघराच्या दारावर धपाधप थापा पडू लागल्या. बाहेर अक्का उभी होती. खांद्याला पिशवी, पिशवीत रेडिओ, बॅटरी, गोळ्या, आणि काखेत गुंडाळलेली गादी.

"दार उघड!" ती ओरडत होती. "भोंगा वाजवायचा आणि दाराला कुलूप! म्हातारीने काय बाहेर उभं राहायचं? कसला रे तुझा निवारा?"

"अक्का, चाचणी आहे ही!"

"ते मला नको सांगू. आधी उघड."

काकूंनी मशीनवरून मान वर केली. "उघडा हो," त्या म्हणाल्या. "आपत्ती आलीय."